स्टेपनी नसलेल्या गाडीसाठी परवडणारे टायर कसे निवडावेत

मागच्या पावसाळ्यात पेठहून नाशिकला परतताना सावळघाट ओलांडल्यावर, रस्त्याच्या कडेला डांबर तुटून जी धार तयार झालेली असते, ती साचलेल्या पाण्याखाली मला दिसली नाही आणि गाडीचे पुढचे डावे चाक तिच्यावर आदळले. टायर बाजूने फाटला होता आणि फट एवढी होती की माझे बोट सहज आत गेले. गाडी जुनी हॅचबॅक. आधीच्या मालकाने सीएनजीची टाकी बसवताना स्टेपनी काढून टाकलेली होती आणि मी तिच्या जागी पंक्चरवर मारायच्या औषधाची एक बाटली डिकीत ठेवून निर्धास्त होतो. बाटली पूर्ण रिकामी केली तेव्हा पांढरा फेस फटीतून बाहेर येऊन रस्त्यावरच्या पाण्यात वाहून गेला. टोमॅटोची रिकामी क्रेट घेऊन चाललेल्या पिकअपवाल्याने थांबून फटीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “दादा, हे औषध पंक्चरला. फाटल्याला नाही.” गाडी टो करून नाशिकला आणावी लागली आणि त्या रात्रीचा खर्च जवळजवळ एका नव्या टायरइतका झाला.

ज्या गाडीत स्टेपनी नाही त्या गाडीचा टायर निवडण्याचा हिशोब वेगळा असतो, हे त्या रात्री मला कळले. पाच चाकांच्या गाडीत एखादा टायर कमकुवत निघाला तर अर्धा तास जातो. चार चाकांच्या गाडीत तो रात्र घेतो आणि घाट असेल तर जीवही धोक्यात घालतो. म्हणून अशा गाडीसाठी ‘परवडणारा’ टायर म्हणजे दुकानात सर्वांत स्वस्त मिळणारा टायर असे धरून चालत नाही. ताजा, ओळखीच्या कारखान्याचा, बाजूने मजबूत आणि आपण जिथे जिथे जातो त्या गावांत पुन्हा मिळू शकणारा साधा टायर, हाच अशा गाडीला परवडतो. असा टायर बजेटमध्ये कसा बसवायचा, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी आपली गाडी कोणत्या प्रकारात बसते ते पाहा

स्टेपनी नसलेल्या सगळ्या गाड्या सारख्या नसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2020 साली बदल झाला. त्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेचा दाब चालकाला दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असेल, तर स्टेपनी देण्याचे बंधन राहिले नाही. विजेवर चालणाऱ्या बऱ्याच नव्या गाड्या या सवलतीतूनच स्टेपनीविना येतात. हा पहिला प्रकार. येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ही सवलत तिन्ही गोष्टी एकत्र असल्यावर आहे. दुसरा प्रकार जुन्या गाड्यांचा. टाकी बसवताना ज्या जुन्या गाडीची स्टेपनी निघाली, तिच्यात बहुधा ना दाब दाखवणारी यंत्रणा असते ना किट. त्यामुळे ती गाडी नव्या गाडीइतकी सुरक्षित आहे असे मानणे चुकीचे आहे.

तिसरा प्रकार रन-फ्लॅट टायरच्या गाड्यांचा. या टायरची बाजू इतकी जाड असते की हवा गेल्यावरही ठरावीक वेगाने काही अंतर गाडी चालवता येते. हे टायर महाग असल्यामुळे ते झिजल्यावर साधे टायर टाकण्याचा मोह होतो. तसे करता येते, मात्र चारही एकदम बदलावेत आणि त्या दिवसापासून आपण तिसऱ्या प्रकारातून पहिल्या प्रकारात आलो, म्हणजे किट सोबत ठेवणे अपरिहार्य झाले, हे समजून करावे.

दुकानात जाण्याआधी जुने टायर वाचा

टायर का झिजले हे न पाहता नवे टाकले तर नवेही तसेच झिजतात आणि सगळी बचत त्यात जाते. गाडी सपाट जागी उभी करून चारही टायरवरून तळहात आडवा फिरवा. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा कायम जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती. एकच कड, विशेषतः आतली, झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडलेले आहे. हाताला लाटांसारखे चढउतार लागत असतील तर शॉकअॅब्सॉर्बर थकले असण्याची शक्यता मोठी. शेवटच्या दोन बाबतींत दुरुस्ती आधी आणि टायर नंतर, हा क्रम बदलू नये.

त्यानंतर खाचांची खोली मोजा. नव्या कारच्या टायरला साधारण 7 ते 8 मिलिमीटर खोली असते आणि खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरची पातळी दाखवतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही संपला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अनेकांच्या घरी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचा कॅलिपर, असतो. त्याच्या मागच्या बाजूने निघणारी बारीक पट्टी खाचेत टेकवली की खोली अचूक मिळते. माझ्या मते स्टेपनी नसलेल्या गाडीने 1.6 ची वाट पाहू नये. इगतपुरी, त्र्यंबक आणि पेठच्या बाजूला जसा पाऊस पडतो त्यात 3 मिलिमीटरच्या खाली पाणी बाहेर फेकण्याची क्षमता बरीच उतरते आणि पातळ झालेल्या रबरातून खिळा आत शिरायलाही कमी वेळ लागतो. मे अखेरीस 3 मिलिमीटरच्या आसपास असलेला टायर पावसाळ्याआधी बदलणे हाच शहाणपणा.

खोली पुरेशी असूनही टायर बाद ठरू शकतो. बाजूच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसत असतील किंवा कुठे फुगा आला असेल, तर नक्षी कितीही चांगली असो, तो टायर हमरस्त्यावर नेऊ नये. फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेले असतात आणि हवा फक्त रबराने धरून ठेवलेली असते.

टायरवरचे आकडे

समजा टायरवर 185/65 आर 15 88 एच असे लिहिले आहे. 185 ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 65 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, आर म्हणजे रेडियल आणि 15 हा रिमचा व्यास इंचांत. 88 हा भाराचा निर्देशांक असून त्याचा अर्थ एका टायरवर 560 किलोपर्यंत भार चालतो. शेवटचे अक्षर वेगाचे. टी म्हणजे ताशी 190, एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर.

नवा टायर घेताना भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये, जास्त असले तर चालते. सीएनजीची टाकी असलेल्या गाडीत हे अधिक महत्त्वाचे, कारण टाकीचे वजन कायम मागच्या चाकांवर असते आणि त्यात दिवाळीला चार माणसे व सामान भरले की मागचे टायर मर्यादेच्या जवळ जातात. कमी निर्देशांकाचा टायर काही वेळा शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतो आणि दुकानदार ‘काही फरक पडत नाही’ असे सांगतो. फरक पडतो.

आकार बदलायचा असेल तर चाकाचा एकूण व्यास काढून पाहावा. 165/80 आर 14 या टायरचा व्यास 355.6 मिलिमीटरचा रिम अधिक दोन्हीकडचे प्रत्येकी 132 मिलिमीटर धरून 619.6 मिलिमीटर होतो. 185/65 आर 15 चा व्यास त्याच पद्धतीने 621.5 मिलिमीटर येतो. म्हणजे फरक नाममात्र आहे, आणि एकाच मॉडेलच्या स्वस्त आणि महाग प्रकारांना कंपनी हे दोन आकार देऊ शकते त्याचे कारण हेच. याउलट 175/65 आर 14 च्या जागी त्याच रिमवर 185/65 आर 14 टाकला तर व्यास सुमारे 2 टक्क्यांनी वाढतो आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर जो स्टिकर असतो त्यावर दिलेले आकार सोडून इतर आकार घेऊ नयेत, असे माझे मत आहे. मोठे अलॉय रिम आणि पातळ टायर हे तर स्टेपनी नसलेल्या गाडीने टाळलेच पाहिजेत. बाजूची भिंत जितकी बुटकी तितका खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो, आणि वाकलेल्या रिमवर कुठलेही किट उपयोगी पडत नाही.

बाजूची भिंत: आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग

टायर विकत घेताना बहुतेक लोक नक्षी पाहतात. आपण भिंत पाहायची. नक्षीच्या भागात खिळा शिरला तर किटने, पट्टीने किंवा मशरूम पॅचने (आतून बसवायच्या देठवाल्या ठिगळाने) काम भागते, पण भिंत फाटली की टायर संपला. ती रस्त्याच्या कडेला दुरुस्त होत नाही आणि होते असे कोणी सांगितले तरी त्यावर घाट उतरू नये. स्टेपनी असलेल्या माणसासाठी हा भेद पैशांचा असतो, आपल्यासाठी तो घरी पोहोचण्याचा असतो.

भिंतीवर बारीक अक्षरांत टायरच्या आतल्या थरांची माहिती छापलेली असते. साइडवॉलपुढे ‘1 प्लाय पॉलिएस्टर’ किंवा ‘2 प्लाय पॉलिएस्टर’ असे लिहिलेले दिसेल. नक्षीखाली पॉलिएस्टरसोबत पोलादी तारांचे थर असतात, बाजूला ते नसतात. एकाच आकाराचे आणि जवळपास एकाच किमतीचे दोन टायर समोर असतील आणि एकाची भिंत दोन थरांची असेल, तर मी दुसरा विचार न करता तो घेईन. त्याने भिंत कधीच फाटणार नाही असे नाही, पण तुटलेल्या डांबराच्या धारेवर एक थर आणि दोन थर यांत फरक असतो. काही आकारांत एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, टायरही मिळतो. 185/65 आर 15 मध्ये नेहमीचा 88 असतो तर एक्सएल 92 असतो. त्याची बांधणी अधिक भक्कम असते, गाडी किंचित कडक चालते. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक या बाजूला वारंवार जाणाऱ्याने तो कडकपणा पत्करावा.

इंधन वाचवणारे म्हणून विकले जाणारे, खेळकर वेगवान चालीचे म्हणून विकले जाणारे आणि साधे लांब पल्ल्याचे असे ढोबळ तीन प्रकार दुकानात दिसतात. आपल्यासाठी तिसरा. दुसऱ्या प्रकारचे मऊ रबर लवकर झिजते. पहिला प्रकार वाईट नाही, पण त्यात ओल्या रस्त्यावरची पकड कशी आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

कंपनीबाबत माझा आग्रह एवढाच की ती अशी असावी जिचा तोच आकार आणि तीच नक्षी सिन्नर, संगमनेर, मालेगाव किंवा धुळ्यातही मिळेल. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा, गुडइयर यांचे साधे टायर या कसोटीला उतरतात. सिएटचा तर कारखानाच सातपूरला आहे. क्वचित मिळणारा परदेशी ब्रँड एखाद्या सवलतीत स्वस्त पडतो, पण त्यातला एक टायर फाटल्यावर जोडीचा दुसरा मिळाला नाही तर एकाच्या जागी दोन घ्यावे लागतात. कोणताही टायर घ्या, त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस 15633 हा क्रमांक असलाच पाहिजे.

तारीख

टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी चार अंक असतात. 2325 म्हणजे 2025 सालातला तेविसावा आठवडा. बहुतेकदा हे चार अंक टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून समोरच्या बाजूला दिसले नाहीत तर टायर उलटून पाहावा. दुकानदार आढेवेढे घेत असेल तर तो टायर तिथेच सोडावा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम. वर्षभराचा असेल आणि सावलीत ठेवलेला असेल तर किंमत थोडी पाडून घ्यायला हरकत नाही. दोन वर्षांचा ‘नवा’ टायर मी घेत नाही, कारण रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. हे चार अंक चारही टायरवर एकेक करून तपासावेत. एक ताजा टायर दाखवून बाकीचे तीन जुने बसवण्याचा प्रकार माझ्या शेजाऱ्यांच्या बाबतीत घडला आहे.

स्वस्ताचे सापळे

सेकंड हँड टायरचा हिशोब एकदा कागदावर मांडावा. समजा नवा टायर 4,000 रुपयांचा आणि त्याला 7.5 मिलिमीटर खोली. त्यातली 1.6 सोडली तर वापरायला 5.9 मिलिमीटर मिळते. वापरलेला टायर 1,500 रुपयांना मिळतो आणि त्याला 3.5 मिलिमीटर खोली आहे. वापरायला मिळते 1.9 मिलिमीटर, म्हणजे नव्याच्या एक तृतीयांशाहून कमी, आणि पैसे मोजले नव्याच्या 37.5 टक्के. वर बसवणे, बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे) आणि व्हॉल्व्ह यांचा खर्च लवकरच पुन्हा येणार. पावसाळ्यासाठी 3 मिलिमीटरची मर्यादा पाळायची म्हटली तर त्या टायरमध्ये हाती उरतो फक्त अर्धा मिलिमीटर. आत किती पंक्चर काढलेली आहेत, तो कमी हवेवर किती पळाला आहे, हे बाहेरून कळत नाही ते वेगळेच.

याहून धोक्याचा प्रकार म्हणजे खाचा पुन्हा कोरलेला टायर. गुळगुळीत टायरवर गरम पात्याने नवी नक्षी कापतात, वर काळा रंग मारतात आणि तो दुरून नवा दिसतो. ओळखण्याची खूण अशी की खाचांच्या तळाशी असणारे ते आडवे उंचवटे गायब असतात किंवा मधोमध कापलेले असतात, आणि खाचेची कड धारदार, जराशी वेडीवाकडी असते. बोट फिरवले की बोटाला काळे लागते. अशा टायरमध्ये पोलादी थर आणि रस्ता यांच्यात रबर फार थोडे उरलेले असते. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला पोहोचतो. त्या दिवसांत समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर, जिथे कारला ताशी 120 ची मुभा आहे, असा टायर म्हणजे साक्षात अपघात. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवे रबर चढवलेले, टायर ट्रकसाठी असतात आणि त्यांची जागा तिथे आहे. कारला ते लावू नयेत.

नव्या दोन टायरांची तुलना करताना दर टायरमागे दर किलोमीटरला किती पैसे पडतात ते पाहावे. 4,000 चा टायर 30,000 किलोमीटर चालला तर किलोमीटरला 13 पैसे पडले. 5,000 चा 45,000 चालला तर 11 पैसे. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या आकाराचे, आपल्याच मॉडेलची गाडी वापरणाऱ्या दोन-तीन टॅक्सीचालकांना विचारलेले आकडे त्या जागी घालावेत. सीबीएस (नाशिकचे मध्यवर्ती बसस्थानक) किंवा नाशिकरोड स्टेशनबाहेर उभे असणारे चालक हे आनंदाने सांगतात आणि त्यांचा अनुभव जाहिरातीपेक्षा खरा असतो.

दोन घ्यावेत की चार

चार एकदम घेता आले तर दुकानदार भावात सोडतो, पण पैसे नसतील तर दोन घेण्यात काही वावगे नाही. एकाच आसावरचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि एकाच सुमाराचे असावेत. आणि नवी जोडी मागे टाकावी. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते म्हणून नवे टायर पुढे, असा आग्रह बरेच मेकॅनिक धरतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलल्यावर सावरते, मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि कसारा घाटाच्या वळणावर ती सावरायला जागा नसते. मागच्या, कमी झिजलेल्या टायरांना पुढे आणावे. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारही बदलावेत.

भाव कसा विचारावा

द्वारका, मुंबई नाका, नाशिकरोड आणि सातपूर या बाजूंना मिळून टायरची दुकाने पुष्कळ आहेत. किमान तीन ठिकाणी फोन करावा आणि सगळीकडे हाच प्रश्न त्याच शब्दांत विचारावा: अमुक आकार, अमुक भार आणि वेग, अमुक नक्षी, कोणत्या आठवड्याचा माल, आणि नवा व्हॉल्व्ह, बसवणे, बॅलन्सिंग, अलाइनमेंट व जीएसटी धरून हातात पक्के बिल पडेपर्यंत किती. जुने टायर परत घेऊन किती सोडणार, ते वेगळे विचारावे. नुसता टायरचा भाव विचारला की फोनवर कमी सांगितलेली रक्कम दुकानात मजुरीच्या नावाने भरून निघते.

22 सप्टेंबर 2025 पासून कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आहे, तो बिलावर तसाच दिसला पाहिजे. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नये, कारण बिल नसेल तर वॉरंटी नाही. काही कंपन्या ठरावीक मुदतीत बाजूने फाटलेल्या किंवा फुगा आलेल्या टायरलाही भरपाई देतात. आपल्यासाठी ही योजना हजार-पाचशेच्या सवलतीपेक्षा मोलाची आहे, तेव्हा तिच्या अटी आधी विचाराव्यात आणि टायरचे अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावेत.

बसवण्याच्या दिवशी

गाडी सोडून चहाला जाऊ नये. चाक उघडताना रिममध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर कारागिराला आधीच सांगावे, नाही तर टायर सोडवणाऱ्या यंत्राच्या दांड्याखाली तो तुटतो. रिमची कड जिथे टायरला टेकते तिथला गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्यावा, कारण हळूहळू हवा जाण्याचे कारण बहुतेकदा तोच असतो. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेला असावा, आणि ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर यावी.

नट आवळताना एक गोष्ट मी विसरत नाही. हवेच्या गनने नट इतके घट्ट बसतात की रस्त्यात डिकीतल्या पान्याने ते हलतसुद्धा नाहीत. “काका, गनने नुसते बसवा, शेवटचे हाताने आवळा,” असे मी सांगतो आणि मग आपल्याच पान्याने एक नट सोडवून पुन्हा आवळून पाहतो. साधारण शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. हवा स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी, मागच्या चाकांना भारानुसार वेगळा आकडा असतो तो पाळावा. नायट्रोजनला पैसे मोजण्याची गरज नाही, साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला दाब तपासणे त्याहून फार उपयोगी आहे.

उरलेल्या पैशांतून स्टेपनी तयार करा

चार टायर बदलले की दुकानात चार जुने उरतात. त्यांतला सर्वांत चांगला, भेगा किंवा फुगा नसलेला, खोली निदान 2 मिलिमीटर असलेला आणि पाच-सहा वर्षांच्या आतला टायर परत देऊ नका. आपल्याच मॉडेलचा वापरलेला लोखंडी रिम जुन्या सुट्या भागांच्या बाजारात नव्यापेक्षा बराच कमी भावात मिळतो. त्यावर तो टायर चढवला की लांबच्या प्रवासापुरती स्टेपनी तयार होते. रिम घेण्याआधी तो सपाट फरशीवर फिरवून वाकलेला नाही ना हे पाहावे, आणि घरी आणल्यावर एकदा पुढच्या व एकदा मागच्या चाकाच्या जागी प्रत्यक्ष बसवून पाहावा, कारण नटांची भोके जुळूनही मधले छिद्र किंवा ब्रेकचा भाग अडू शकतो. गाडीला अलॉय असतील तर लोखंडी रिमचे नट वेगळे लागण्याची शक्यता असते, तेही तेव्हाच कळते. गावात फिरताना ही स्टेपनी घरी ठेवता येते. गच्चीवर उघडी मात्र ठेवू नये, टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. प्रवासात ती मागच्या सीटच्या पायथ्याशी किंवा डिकीत पट्ट्याने घट्ट बांधावी.

जागाच नसेल तर किट तरी नीट असावे. बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप, पट्टी घालण्याची टोकदार सळई आणि पट्ट्या, पक्कड, चांगला टॉर्च, आणि शेवटचा उपाय म्हणून औषधाची बाटली. बाटलीवरची मुदत पाहावी. नक्षीच्या भागातले 6 मिलिमीटरपर्यंतचे छिद्र त्याने तात्पुरते बुजते, त्यानंतर बाटलीवर दिलेल्या वेगाच्या आतच जवळच्या पंक्चरवाल्याकडे जावे आणि टायरमध्ये औषध आहे हे त्याला सांगावे, म्हणजे तो आतून धुऊन कायमचा पॅच लावेल. जुन्या गाडीत दाबाची यंत्रणा नसेल तर व्हॉल्व्हवर बसणाऱ्या टोप्यांचे सेन्सर बाजारात मिळतात. हवा निम्मी होण्याआधी कळले तर बऱ्याचदा टायर वाचतो, कारण कमी हवेवर दोन-तीन किलोमीटर पळवल्यानेच तो आतून चिरडला जातो.

आता माझ्या डिकीत टाकीच्या शेजारी एक लोखंडी रिम आडवा बांधलेला असतो, त्यावर 2.5 मिलिमीटर खोलीचा जुना टायर आहे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठीचा 1033 हा क्रमांक काचेच्या कोपऱ्यात चिकटवला आहे. दर पंधरवड्याला चार चाकांची हवा पाहताना मी पाचव्याचीही पाहतो, कारण गरज पडेल त्या दिवशी त्यात हवा नसेल तर ते चाक नसल्यातच जमा.